बूट सेटिंग्ज (घरगुती संगणकातील)

कळ दाबल्यापासून विंडोज किंवा लिनक्स सुरू होईपर्यंत संगणकाचा कारभार मदरबोर्डवरच्या चिपमधील फर्मवेअर नावाचा छोटा प्रोग्रॅम पाहतो. त्याने आधी कोणती डिस्क तपासावी, तिच्यावरील प्रणाली कोणत्या पद्धतीने चालू करावी आणि कोणाच्या सहीची प्रणाली चालू द्यावी, हे ठरवणाऱ्या निवडी म्हणजे बूट सेटिंग्ज. ‘बूटेबल डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश आला की हार्ड डिस्क गेली असे मानून फॉरमॅट मारण्याची घाई होते. डिस्क शाबूत आणि सेटिंग तेवढी हललेली, असेही पुष्कळदा असते.

बायोस हे नाव गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम प्रणालीतले. ते सर्वतोमुखी झाले १९८१च्या आयबीएम पीसीमुळे. पुढे इंटेलने इटॅनियम प्रोसेसरसाठी ईएफआय घडवले आणि २००५ पासून यूईएफआय फोरम त्याचे मानक सांभाळतो. आजच्या संगणकात यूईएफआय असते, तरी दुरुस्तीच्या दुकानात त्याला बायोसच म्हणतात. त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते दोन पद्धतींची गल्लत झाल्यावर.

जुन्या, म्हणजे लेगसी पद्धतीत फर्मवेअर डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचते आणि तिथल्या कोडकडे सूत्रे देते. या सेक्टरला एमबीआर म्हणतात; त्यात चारच मुख्य विभागांची नोंद मावते. यूईएफआय मात्र बहुधा फॅट३२ स्वरूपातील एका लहान विभागातून ईएफआय फाइल उचलते. त्यामुळे लेगसी पद्धतीने विंडोज टाकलेल्या संगणकात कोणी सीएसएम हा जुळवणीचा पर्याय बंद केला, तर विंडोज जागच्या जागी असूनही उठत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला यूईएफआय आणि सिक्युअर बूटची, म्हणजे प्रणालीची सही तपासण्याची, सोय लागते. तेव्हा ही चूक अनेकांच्या हातून झाली. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढावी, एमबीआर२जीपीटी या विंडोजमधल्याच साधनाने डिस्कची मांडणी बदलावी आणि मगच सीएसएम बंद करावा. क्रम उलटा झाला असेल, तर सीएसएम पुन्हा चालू केल्यावर विंडोज सहसा परत येते.

तपासाची सुरुवात मात्र याहून साध्या ठिकाणी करावी. पेन ड्राइव्ह लावलेला राहिला आहे का? नसेल, तर सेटअपमध्ये शिरावे. त्यासाठी डिलीट किंवा एफ२, काही लॅपटॉपवर एफ१०. फास्ट बूटमुळे कळ दाबायला वेळच मिळत नसेल आणि विंडोज चालू होत असेल, तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट निवडावे. पुढच्या पर्यायांत फर्मवेअर सेटिंग्जची वाट असते. सेटअपमधील यादीत डिस्कचे नाव दिसत नसेल, तर सेटिंग्जशी झगडण्याआधी केबल किंवा एम.२ कार्डाची बसवणूक पाहावी. नाव दिसत असेल, तर बूटचा क्रम आणि पद्धत तपासावी.

घड्याळही पाहावे. गणपतीला गावी जाताना मेन स्विच बंद केला, परतल्यावर डेस्कटॉपने कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दाखवली, तर दोष बहुधा मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ या तीन व्होल्टच्या बटण सेलचा. जुन्या बोर्डांत सेल संपला की सेटिंग्जही मूळपदावर जातात. नव्यांपैकी बऱ्याच बोर्डांत त्या फ्लॅश स्मृतीत टिकतात आणि घड्याळ तेवढे चुकते.

सर्वांत फसवा पर्याय साटा मोडचा, म्हणजे डिस्कशी संवाद साधण्याच्या पद्धतीचा. एएचसीआयऐवजी रेड किंवा त्याच्या उलट केले की डिस्क फर्मवेअरला दिसते, पण विंडोज निळा पडदा दाखवते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी हा इंटेलचा डिस्क सांभाळणारा पर्याय चालू असल्याने विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही. तिथे इंटेलचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्यावा लागतो.

सिक्युअर बूटला हात लावण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्कला कुलूप घालणारे साधन, चालू आहे का ते पाहावे. असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी हवी; बदलानंतर ती मागितली गेली आणि जवळ नसेल, तर डिस्कवरचे काहीच उघडणार नाही.

‘लोड डिफॉल्ट्स’ने कारखान्यातल्या सेटिंग्ज येतात, कालच्या नव्हेत. म्हणून काहीही बदलण्यापूर्वी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.