कमी बजेटमध्ये दमदार बेस: बेडरूमसाठी स्पीकर कसा निवडाल?
बॉक्सवर मोठ्या अक्षरांत छापलेले ‘पीएमपीओ’ वॅट पाहून स्पीकर घेऊ नका. तो क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा असतो. सलग मिळणारी ताकद ‘आरएमएस’ वॅटवरून कळते. बेससाठी फ्रिक्वेन्सीचा खालचा आकडा बघा. बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. ८० हर्ट्झपासून सुरू होणारा छोटा स्पीकर तो मूळ स्वर नीट ऐकवू शकत नाही. म्हणून कमी बजेटमध्ये वेगळा सबवूफर असलेला २.१ सेट फायद्याचा ठरतो. सबवूफर भिंतीजवळ किंवा कोपऱ्यात ठेवला की बेस आपोआप वाढतो. आवाज घुमू लागला, तर तो थोडा पुढे सरकवा. रात्री मात्र बेस कमीच ठेवा, कारण तो भिंतीतून शेजाऱ्यांपर्यंत सहज पोहोचतो.