परेरा, डेरिक

परेरा, डेरिक (जन्म १९६२) : गोमंतकीय फुटबॉलपटू व प्रशिक्षक. १९८०च्या दशकात साळगावकर स्पोर्ट्स क्लब, गोवा राज्य आणि भारत यांच्याकडून बचावफळीत खेळले. निवृत्तीनंतर मुंबईचा महिंद्र युनायटेड, पुण्याचा पुणे एफसी, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स आणि एफसी गोवा अशा संघांचे मुख्य प्रशिक्षक झाले. राष्ट्रीय फुटबॉल लीगचे विजेतेपद मुंबईत पहिल्यांदा आले ते त्यांच्या हाताखाली. महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासात या कामगिरीला मोठी जागा मिळायला हवी होती. ती मिळालेली नाही.

परेरांची कारकीर्द समजून घ्यायची तर कोकण किनाऱ्याचा नकाशा समोर असलेला बरा. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्याची दक्षिण हद्द तेरेखोलच्या खाडीपाशी गोव्याला भिडत होती. खाडीच्या दोन्ही तीरांवर माती तीच, भाताची खाचरेही तशीच. तरी पलीकडे कापणी झालेल्या शेतात फुटबॉल रंगायचा आणि अलीकडे कबड्डी, पुढे क्रिकेट. गोव्यात हा खेळ १८८३ मध्ये शिवोली येथे विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी आणला, असे परंपरेने सांगतात. चर्चच्या शाळांमधून तो गावोगाव गेला आणि मुक्तीनंतर खाणमालकांच्या घराण्यांनी त्याला नोकरीची जोड दिली. रत्नागिरीचा तरुण गिरणीत कामाला म्हणून बोटीने मुंबईला जायचा आणि लालबाग-परळच्या मंडळात कबड्डी खेळायचा. गोव्याच्या चांगल्या फुटबॉलपटूला मात्र गावाजवळच्या खाण कंपनीच्या हजेरीपटावर जागा मिळायची. राष्ट्रीय लीगमध्ये रत्नागिरीचा संघ कधी दिसला नाही, त्यामागे खेळाच्या आवडीनिवडीपेक्षा पोटापाण्याचा हा फरक अधिक आहे.

वास्को येथे १९५६ साली सुरू झालेला साळगावकर क्लब हा अशाच एका खाण-उद्योग घराण्याचा. परेरा घडले ते या संघात, गोव्याच्या फुटबॉलच्या सर्वांत भरभराटीच्या काळात. गोव्याने १९८२-८३ मध्ये बंगालसह संयुक्तपणे, तर १९८३-८४ मध्ये एकट्याने संतोष करंडक जिंकला. या दुसऱ्या विजयात गोव्याने संपूर्ण स्पर्धेत एकही गोल स्वीकारला नाही. गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकरांचे नाव त्यामुळे घरोघरी पोहोचले. पण एकही गोल न स्वीकारणे हे एकट्या गोलरक्षकाचे काम नसते. चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी चार माणसांनी तो अडवलेला असतो. गोव्यात बचावपटूला आघाडीपटूइतका मान मिळू लागला, त्याची मुळे या वर्षांत आहेत. साळगावकरने पुढे १९८८ आणि १९८९ असा सलग दोनदा फेडरेशन चषक जिंकला. १९८८चे यश हे गोव्याच्या क्लबसाठी पहिले होते. या संघाच्या बचावाचा कणा परेरा होते.

त्या काळातील स्टॉपरचे, म्हणजे मध्य-बचावपटूचे, काम आजच्याहून वेगळे होते. गोलरक्षकाकडे पायाने मागे दिलेला चेंडू त्याला हातात घेता येत असे. हा नियम १९९२ मध्ये बदलला. दोन मध्य-बचावपटूंपैकी एक प्रतिस्पर्धी आघाडीपटूला चिकटून राही आणि दुसरा त्याच्या मागे मोकळा राहून निसटलेला चेंडू गाठत असे. या मागच्या माणसाला सगळे मैदान समोर दिसते. कोण जागा सोडतो आहे, कोणाचा दम संपत आला आहे, मध्यफळी व बचावफळी यांच्यात कुठे खिंडार पडले आहे, हे त्याला सर्वांत आधी कळते आणि ते ओरडून सांगावे लागते. बचावपटू पुढे प्रशिक्षक होतात यात म्हणूनच नवल नाही. खेळत असतानाच त्यांचे अर्धे शिक्षण झालेले असते. परेरांच्या संघांवर या शिक्षणाची छाप स्पष्ट दिसते. आधी आकार टिकवायचा, दोन फळ्यांतले अंतर वाढू द्यायचे नाही आणि गोल करण्याचे काम एक-दोन भरवशाच्या आघाडीपटूंवर सोपवायचे, ही त्यांची पद्धत राहिली. तिला कंटाळवाणी म्हणणारे प्रेक्षक होते. मोजक्या पैशांत उभा केलेला संघ लांबलचक लीगमध्ये टिकवायचा तर याहून शहाणा मार्ग नव्हता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

महिंद्र युनायटेड हा मुंबईतील मोटार-उद्योग समूहाचा संघ. कुलाब्याजवळच्या कूपरेज मैदानावर त्याचे सामने होत. १९९६-९७ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाल्यापासून विजेतेपद पंजाब, कोलकाता आणि गोवा यांच्यातच फिरत होते. परेरांच्या महिंद्रने २००५ मध्ये फेडरेशन चषक जिंकला आणि त्याच हंगामात, २००५-०६ मध्ये, राष्ट्रीय लीगही जिंकली. जुझे रामिरेझ बारेटो आणि घानाचा युसिफ याकुबू यांच्यासारखे गोल करणारे खेळाडू संघात होते, त्यामुळे श्रेय बहुतेक पुढच्या फळीला गेले. यानंतर देशातील सर्वोच्च लीगचे विजेतेपद मुंबईत यायला २०२०-२१ उजाडावे लागले. तोवर सर्वोच्च लीगचा मान इंडियन सुपर लीगकडे गेला होता आणि संघ मुंबई सिटी होता. महिंद्र युनायटेड तेव्हा अस्तित्वातच नव्हता. समूहाने २००९-१०च्या हंगामानंतर तो बंद केला.

पुणे एफसी हा २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने काढलेला व्यावसायिक क्लब. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत तो खेळे. राष्ट्रीय लीगची जागा घेतलेल्या आय-लीगच्या सर्वोच्च श्रेणीतील पहिल्याच हंगामात, २००९-१० मध्ये, परेरांच्या मार्गदर्शनाखाली तो तिसरा आला. २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागे उपविजेता ठरला. ज्या शहरात फुटबॉल मुख्यतः लष्करी छावणी आणि काही शाळांपुरता होता, तेथे ही मजल विशेष म्हटली पाहिजे. मलप्पुरमचा अनस एडाथोडिका याच संघाच्या मध्य-बचावात रुळला आणि २०१७ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, भारताकडून खेळला. मूळचा जपानी आराता इझुमी भारतीय नागरिकत्व घेऊन २०१३ मध्ये राष्ट्रीय संघात आला, तोही पुणे एफसीचाच.

२०१३ मध्ये परेरा साळगावकरचे प्रशिक्षक म्हणून गोव्यात परतले. पुढच्या वर्षी ड्युरँड चषक गोव्यात भरला आणि अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर पुणे एफसीच उभा राहिला. साळगावकरने तो १-० असा जिंकला. पुणे एफसीचा २०१४-१५ हा आय-लीगमधील अखेरचा हंगाम ठरला. २०१६ मध्ये गोव्याच्या काही क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले, त्यात साळगावकरही होता. म्हणजे परेरांनी ज्या तीन संघांवर सर्वाधिक मेहनत घेतली, त्यांपैकी एकही दशकाअखेर देशाच्या वरच्या लीगमध्ये उरला नाही. यात प्रशिक्षकाचा काहीच दोष नव्हता. उद्योगसमूहाच्या मर्जीवर चालणारा संघ त्या मर्जीबरोबर संपतो. त्याच्यासोबत सरावाच्या पद्धती, खेळाडूंच्या नोंदी, तरुण मुलांची फळी असे वर्षानुवर्षे साठवलेले ज्ञानही विखुरते. भारतीय प्रशिक्षकांच्या पिढीचे हे सर्वांत मोठे नुकसान आहे आणि त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

इंडियन सुपर लीगच्या पहिल्या वर्षांत मुख्य प्रशिक्षकपदे परदेशी लोकांसाठीच जणू राखीव होती. राष्ट्रीय लीग जिंकलेल्या माणसालाही तेथे दुय्यम जागा स्वीकारावी लागली. परेरा एफसी गोवामध्ये स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांचे सहायक झाले व नंतर तांत्रिक संचालक. मार्च २०१९ मध्ये ताश्कंदला झालेल्या आशियाई २३ वर्षांखालील पात्रता स्पर्धेत त्यांनी भारतीय संघाला मार्गदर्शन केले. तेथे उझबेकिस्तान आणि ताजिकिस्तान या दोघांकडूनही हार पत्करावी लागली. डिसेंबर २०२१ मध्ये मुख्य प्रशिक्षक हुआन फेरांडो हंगामाच्या मध्यावर एफसी गोवा सोडून एटीके मोहन बागानकडे गेले, तेव्हा परेरांना मुख्य प्रशिक्षकपद मिळाले. विस्कटलेला संघ, साथीच्या निर्बंधांमुळे रिकामी मैदाने आणि तयारीला वेळ नाही, अशा अवस्थेत गोवा ११ संघांत नववा राहिला. त्या हंगामातील संघाचा शेवटचा लीग सामना केरला ब्लास्टर्सशी ४-४ असा सुटला. आयुष्यभर गोल अडवायला शिकवलेल्या प्रशिक्षकाच्या वाट्याला ही गोलसंख्या यावी, याचे वाईट वाटते.

गोव्याच्या बचावपटूंची ही वाट पुढेही चालू आहे. डेम्पोचे समीर नाईक त्याच क्लबचे प्रशिक्षक झाले. भारताकडून अनेक वर्षे मध्य-बचावात खेळलेले महेश गवळी राष्ट्रीय संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. २०२३ मध्ये बंगळूरुला झालेल्या सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना दोनदा लाल कार्ड मिळाले. त्यामुळे लेबनॉनविरुद्धचा उपांत्य सामना आणि कुवेतविरुद्धचा अंतिम सामना या दोन्ही वेळी मैदानालगत गवळी उभे होते. दोन्ही सामने पेनल्टी शूटआऊटपर्यंत ताणले गेले आणि दोन्ही भारताने जिंकले. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षकपद महिंद्र युनायटेडचे माजी मध्यरक्षक खालिद जमील यांच्याकडे आले. त्यांच्याआधी त्या पदावर पूर्णवेळ नेमलेले भारतीय प्रशिक्षक म्हणजे २०११-१२ मधील साव्हियो मेदेरा, परेरांप्रमाणेच साळगावकरचे खेळाडू.