मातीचं पासबुक

काही वर्षांपूर्वी ऑनसाईटला बॉस्टनमध्ये होतो तेव्हाची गोष्ट. ऑक्टोबर महिना, म्हणजे तिकडे 'फॉल कलर्स'चा सीझन. आम्ही चार मराठी डोकी विकांताला गाडी काढून उत्तरेला, न्यू हॅम्पशायरच्या व्हाईट माउंटन्समध्ये गेलो. लाल-केशरी मेपल, शे-दोनशे फोटो, परतताना मेपल सिरपच्या बाटल्या... सगळं रीतसर पार पडलं! पायाखाली मात्र दिवसभरात एकदाही बघितलं नाही. त्या डोंगरांतली खरी गोष्ट पायाखालीच होती, हे कळलं बऱ्याच नंतर.

तिथल्या एका जंगलाचं नाव आहे हबर्ड ब्रूक. १९५५ साली अमेरिकेच्या वनखात्याने ते अभ्यासासाठी राखून ठेवलं. हेतू अगदी साधा होता. जंगलातून पाणी किती येतं, पूर कसे येतात, एवढंच मोजायचं. जागेची गंमत अशी की मातीखाली जवळजवळ अभेद्य खडक आहे, त्यामुळे पाणी खाली झिरपून पसार होऊ शकत नाही. पडलेल्या पावसातला काही भाग झाडं आणि ऊन हवेत परत पाठवतात, उरलेला सगळा एकाच ओढ्याने बाहेर पडतो. ओढ्याच्या तोंडाशी सिमेंटचा छोटा बंधारा घालून त्यात व्ही आकाराची खाच ठेवली, की झालं मीटर!

१९६० साली हर्बर्ट बोरमन या शास्त्रज्ञाच्या डोक्यात आलं की नुसतं पाणीच कशाला, पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजता येईल की. पावसातून आलं ते जमा, ओढ्यातून गेलं ते नावे. म्हणजे चक्क जंगलाचं पासबुक. १९६३ मध्ये बोरमन, जीन लायकन्स, नोय जॉन्सन आणि वनखात्याचे रॉबर्ट पियर्स यांनी या नोंदी सुरू केल्या.

आणि पहिल्याच उन्हाळ्यात एक विचित्र नोंद आली. पावसाच्या एका नमुन्याचा पीएच निघाला ३.७. स्वच्छ पावसाचा असतो ५.६ च्या आसपास. फरक दिसायला छोटा वाटतो, पण ही मोजपट्टी लॉगॅरिदमिक आहे. म्हणजे पाऊस जवळपास ऐंशी पट आम्ल! आणि आजूबाजूला तर नुसतं रान. मग हे आम्ल आलं कुठून? उलगडा व्हायला बरीच वर्षं गेली. १९७४ साली लायकन्स आणि बोरमन यांनी 'सायन्स'मध्ये लेख लिहिला, तो याच आम्ल पावसावर. दूर पश्चिमेकडच्या कोळशाच्या वीजकेंद्रांचा धूर वाऱ्याबरोबर येऊन इथे पावसातून उतरत होता.

आता माती या गोष्टीत कुठे येते? थंड प्रदेशातल्या पानगळीच्या जंगलात पानं पडतात भरपूर आणि कुजतात सावकाश. त्यामुळे जमिनीवर काळ्या, कुजक्या पालापाचोळ्याचा थर साठतो. त्याखालची माती इथे तशी तरुण आणि पातळ आहे, सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वी हिमनद्या वितळल्या तेव्हा मागे राहिलेल्या दगडगोट्यांपासून झालेली. खडक हळूहळू झिजतो, त्यातून थोडं थोडं कॅल्शियम सुटतं. मातीच्या आणि कुजलेल्या पाल्याच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते धन भाराचं कॅल्शियम धरून ठेवतात. झाडांना लागेल तसं ते मिळत राहतं. हे झालं बचत खातं.

आम्ल पाऊस आला की त्यातला हायड्रोजन कणावरची जागा बळकावतो आणि कॅल्शियम ओढ्यात वाहून जातं. म्हणजे माती आम्ल पचवत होती खरी, पण दरवेळी स्वतःच्या शिलकेतून पैसे मोजून. शिल्लक घटली की एरवी गप्प बसलेलं ॲल्युमिनियम मोकळं होतं, आणि ते मुळांनाही विष आणि माशांनाही. वरून पाहणाऱ्याला मात्र जंगल हिरवंगारच दिसत होतं!

१९९० साली अमेरिकेने स्वच्छ हवेच्या कायद्यात सुधारणा करून वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घातली. धूर खरोखर कमी झाला, पाऊसही सुधारला. बग फिक्स झाला, तिकीट बंद, असंच कोणालाही वाटलं असतं. पण १९९६ मध्ये लायकन्स आणि सहकाऱ्यांनी पासबुक उघडून दाखवलं. ओढा अपेक्षेप्रमाणे सुधारत नव्हता आणि जंगलाची वाढ १९८०च्या दशकापासून जवळपास थांबली होती. नवा खर्च आटोक्यात आला होता, पण खातं आधीच रिकामं झालं होतं. आणि खडक झिजून ते पुन्हा भरणार कधी? आपल्या डेडलाईनमध्ये तर नक्कीच नाही.

मग त्यांनी एक धाडसी प्रयोग केला. ऑक्टोबर १९९९ मध्ये सुमारे १२ हेक्टरच्या एका दरीवर हेलिकॉप्टरने वोलॅस्टोनाइट या कॅल्शियमयुक्त खनिजाच्या गोळ्या पसरल्या. आम्ल पावसाने नेलेलं कॅल्शियम परत खात्यात! पुढच्या पंधरा वर्षांत त्या दरीतल्या झाडांनी शेजारच्या जंगलापेक्षा २१ टक्के जास्त लाकूड आणि ११ टक्के जास्त पानं तयार केली. शुगर मेपलची रोपंही सुधारली.

इथे टाळ्या वाजवून लेख संपवता आला असता. पण २०१६ साली आणखी एक निष्कर्ष आला. प्रयोगाला दशक उलटल्यावर त्याच दरीतून नायट्रोजन जोरात वाहून जायला लागला. आत्तापर्यंत नायट्रोजन साठवणारं जंगल आता तो सोडायला लागलं होतं. एका ठिकाणी पॅच मारला आणि दुसरीकडे भलतंच काहीतरी उघडलं... ओळखीचं वाटतंय ना?

मला या सगळ्यात १९६३ ची ती नोंद सगळ्यात जास्त टोचते. ती घेतली तेव्हा आम्ल पावसाचा शोध कोणीच घेत नव्हतं. पुढे तीस-चाळीस वर्षं कोणीतरी बर्फात, चिखलात जाऊन बाटल्या भरत राहिलं म्हणून खातं रिकामं झाल्याचं कळलं तरी. मी स्वतः एकदा डिस्कवर जागा करायला जुने लॉग्ज बिनधास्त उडवले होते. 'कोण बघतंय?' म्हणून. तीन महिन्यांनी सर्व्हर रडायला लागला तेव्हा कधीपासून बिघडलंय, हेच सांगता येईना.

सर्व्हर निदान नवा तरी आणता येतो. चौदा हजार वर्षांची माती कुठून आणणार?

असो. पुन्हा तिकडे जाणं झालं तर फोटो कमी काढीन, आणि पाला बाजूला सारून मूठभर माती हातात घेऊन बघीन म्हणतो.