टेनिस-कोपर व भौतिकी चिकित्सा
टेनिस-कोपर व भौतिकी चिकित्सा : कोपराच्या बाहेरील बाजूस अतिवापरामुळे उद्‌भवणाऱ्या वेदनेस ‘टेनिस-कोपर’ म्हणतात. मनगट मागे वळविणाऱ्या स्नायूंची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी तंतुमय दोरी) दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकावरील उंचवट्यास जेथे चिकटते, तेथे ही विकृती होते. प्रौढांपैकी सुमारे १ ते ३ टक्के लोकांना ती होते. त्यांतील बहुसंख्यांनी टेनिसची रॅकेट कधी हाती धरलेली नसते. सुतार, गवंडी, धुणे पिळणाऱ्या स्त्रिया यांचे हे दुखणे आहे.

रोगाचे नाव त्याच्या इतिहासाशीही जुळत नाही. जर्मन वैद्य रुंगे यांनी १८७३ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले, ते लेखनाचा ताण पडणाऱ्या हातासंबंधी होते. विंगफील्ड यांना लॉन टेनिसचे एकस्व (पेटंट) मिळाले ते १८७४ मध्ये. पुढे इंग्लंडमध्ये हा खेळ लोकप्रिय झाला आणि १८८२-८३ च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकांतून प्रचलित नाव रूढ झाले.

पुढील शतकभर उपचारांत एकवाक्यता नव्हती. मिल्स यांनी १९२८ मध्ये मनगट वाकवून व तळहात खाली वळवून कोपर झटक्याने सरळ करण्याची हस्तक्रिया सुचविली. लंडनमधील सिरिॲक्स यांनी १९३६ मध्ये या दुखण्याची कारणे म्हणून तोवर सांगितल्या गेलेल्या २६ विकृतींची नोंद केली. निदान किती अनिश्चित होते, हे त्यावरून दिसते. कंडरेवर आडवे खोल घर्षण देण्याची त्यांची पद्धत भौतिकी चिकित्सकांनी दीर्घकाळ वापरली. विश्रांती, शेक व पट्टा हे उपाय होतेच.

या सर्वांमागे शोथाची (दाहयुक्त सुजेची) कल्पना होती. त्यामुळे १९५० नंतर कॉर्टिसोन वर्गातील औषधांची अंतःक्षेपणे (इंजेक्शने) सर्वत्र दिली जाऊ लागली. काही दिवसांतच वेदना थांबत असल्याने त्यांच्या उपयुक्ततेविषयी शंका घेण्याचे कारण रुग्णाला वा वैद्याला वाटले नाही. तथापि १९७९ मध्ये नर्शल व पेट्रोन या अमेरिकन शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतकांचे परीक्षण प्रसिद्ध केले. त्यात शोथाच्या कोशिकांऐवजी विस्कळित तंतू व नव्या रक्तवाहिन्या आढळल्या. दुखणे सुजेचे नसून भरून न आलेल्या झिजेचे होते.

या शोधाने भौतिकी चिकित्सेची दिशा पालटली. कंडरेला निव्वळ विश्रांती दिल्यास ती दुर्बळच राहते; क्रमाक्रमाने वाढविलेल्या भाराने तिचे तंतू बळकट होतात. कॅनडातील कर्विन व स्टॅनिश यांनी १९८४ मध्ये स्नायू लांबत असताना भार पेलण्याच्या व्यायामांचा पुरस्कार केला. कोपरासाठी हा व्यायाम साधा आहे : हात टेबलावर टेकवून, तळहात खाली ठेवून, हलके वजन धरलेले मनगट सावकाश खाली सोडावयाचे व दुसऱ्या हाताच्या मदतीने वर आणावयाचे. फळ दिसण्यास आठवडे, कधी महिने लागतात. रोजंदारीवर काम करणाऱ्यास तितकी सवड मिळणे कठीण, ही या उपचाराची खरी अडचण होय.

ऑस्ट्रेलियात १९८ रुग्णांवर केलेल्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनंतर अंतःक्षेपण सरस ठरले; परंतु त्याने बरे वाटलेल्यांपैकी ७२ टक्के रुग्णांत दुखणे उलटले. वर्षाअखेर भौतिकी चिकित्सा घेतलेले व केवळ वाट पाहिलेले रुग्ण जवळजवळ सारखेच सुधारले होते. मात्र चिकित्सा घेतलेल्यांना आराम लवकर पडला आणि इतर औषधोपचार कमी लागले. तेथेच १६५ रुग्णांवर झालेल्या २०१३ च्या चाचणीत औषधी अंतःक्षेपणानंतर ५४ टक्के, तर औषधविरहित अंतःक्षेपणानंतर १२ टक्के रुग्णांत दुखणे उलटल्याचे आढळले.

महाराष्ट्रात या रोगाचे नाव घरोघरी पोहोचले ते सचिन तेंडुलकर यांच्यामुळे. २००४ मध्ये डाव्या कोपराच्या दुखण्याने त्यांना काही सामने सोडावे लागले व मे २००५ मध्ये लंडन येथे त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. अशी शस्त्रक्रिया थोड्याच रुग्णांना लागते. सहा ते बारा महिन्यांचे इतर उपचार निष्फळ ठरल्यावरच सामान्यतः तिचा विचार करतात.