नागपूर ते जेद्दा : अंतर किती, वेळ किती, एहराम कधी?

यवतमाळला विमानतळ आहे, पण तिथून प्रवाशांची नियमित विमानसेवा नाही. त्यामुळे आपल्या जिल्ह्यातून हज-उमऱ्याला जाणाऱ्यांचा हिशेब नागपूरपासून सुरू होतो. यवतमाळहून नागपूर रस्त्याने साधारण 150 किलोमीटर. पुसद, उमरखेडवाल्यांना त्याहून बरंच जास्त.

नागपूर ते जेद्दा हवाई अंतर सुमारे 4,120 किलोमीटर आहे. दोन्ही शहरं 21 अंश अक्षांशाच्या आसपास, म्हणजे जेद्दा आपल्या जवळजवळ सरळ पश्चिमेला. विमान तासाला 850 किलोमीटरच्या आसपास जातं. चढणं-उतरणं धरून थेट विमानाला साडेपाच ते सहा तास लागतात. मदीना थोडं जवळ, सुमारे 4,040 किलोमीटर.

सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. रात्री 10 ला निघून सहा तासांनी उतरलात, तर तिथे रात्रीचा दीड वाजलेला असतो आणि इकडे घरचे पहाटे चारला फोनची वाट बघत असतात.

हजची विमानं नागपूरहूनही सुटतात. उमऱ्याला मात्र बहुधा मुंबई, शारजा किंवा दोहा इथे विमान बदलावं लागतं. आता गंमत बघा. नागपूर-मुंबई 680 आणि मुंबई-जेद्दा 3,520, मिळून 4,200 किलोमीटर. थेट मार्गापेक्षा फक्त 80 जास्त! पण मधला थांबा आठ-दहा तासांचा असला की सगळा दिवस तिथेच जातो. तिकीट काढताना टूरवाल्याला हेच विचारा: एकूण तास किती, थांबा किती? घरातली वयस्कर मंडळी सोबत असतील तर नक्कीच विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मिकात. 1995 पर्यंत मुंबईहून हाजी जहाजाने जात. कित्येक दिवसांचा प्रवास, त्यामुळे यलमलम येण्याआधी तयारीला भरपूर वेळ असे. विमान मिनिटाला 14 किलोमीटर कापतं. दहा मिनिटं डुलकी लागली की 140 किलोमीटर मागे पडले. थेट जेद्दाला जाणारं विमान उतरण्याच्या साधारण अर्धा ते पाऊण तास आधी मिकात ओलांडतं. घोषणा होते, पण झोपेत ऐकू येईलच असं नाही. एहरामशिवाय मिकात ओलांडली तर दम, म्हणजे कुर्बानी, लागू होऊ शकतो. म्हणून एहरामचे कपडे घरून किंवा विमानतळावरच घाला आणि नियत व तल्बिया मिकातच्या आधी करा. विमान बदलायचं असेल तर एहराम हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग एकदा आत गेली की थेट जेद्दालाच मिळते! आधी मदीना असेल तर इथून एहरामची गरज नाही. तिथून मक्केला निघताना जुल-हुलैफा ही मिकात आहे. कुणाला शंका असेल तर निघण्याआधीच आपल्या आलिमांना विचारून घ्यावं.

रमजानमध्ये जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. विमान सूर्याच्या मागे मागे पश्चिमेला जातं, म्हणून दिवस लांबतो. यवतमाळच्या टाइमटेबलात मगरिब झाली तरी खिडकीतून सूर्य दिसत असेल, तर इफ्तार तो मावळल्यावरच.