देहबोली (चित्रपटातील)
पात्राचे मन संवादाऐवजी चाल, नजर, खांदे, हात यांतून व्यक्त करण्याची अभिनयरीती. मूकपटात तिच्यावाचून गत्यंतर नव्हते. बोलपटात ती अधिक सूक्ष्म झाली. नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘फँड्री’ (२०१३) हे तिचे मराठीतील अस्सल उदाहरण. डुक्कर धरताना शाळेतली मुले पाहतील म्हणून नायक जब्या अंग चोरतो, आडोसा शोधतो. वडील कचरूच्या (किशोर कदम) वाकलेल्या पाठीत आयुष्यभराची लाचारी दिसते. राष्ट्रगीत सुरू होताच हे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निसटते. हा प्रसंग कोणत्याही संवादाहून बोलका आहे. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकावर येतो. जब्याच्या भूमिकेसाठी सोमनाथ अवघडे याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.