कुड्याची साल: आधी झाड ओळखा, मग मात्रा

पैनगंगेच्या उत्तरेला महागाव तालुक्यात सागाची जी पानझडी जंगलं आहेत, त्यांत कुडा दोन प्रकारचा: पांढरा आणि काळा. आव पडली, हगवण लागली की साल वापरायची ती पांढऱ्याची. ही साल घेणं कितपत सुरक्षित, ही चर्चा बहुधा मात्रेपाशी सुरू होते. ती झाडापाशी सुरू व्हायला हवी, कारण या औषधाच्या इतिहासातला मोठा घोटाळा झाड ओळखण्यातला आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात कुटजाचे, म्हणजे कुड्याचे, नर आणि मादी असे दोन भेद फुलाफळांवरून सांगितले आहेत. म्हणजे फरक नोंदवून ठेवण्याची गरज तेव्हाच पडली होती. युरोपीय वनस्पतिशास्त्रात तर ही दोन झाडं बराच काळ एकमेकांच्या नावावर वावरली. 'कोनेसी' म्हणून तिकडे विकल्या जाणाऱ्या सालीत काळ्या कुड्याची साल मिसळली जाई, गुण येईना, आणि बदनाम झाला तो पांढरा.

झाड उभं असेल तर चूक होणं तसं अवघड. पांढऱ्याच्या लांब, बारीक शेंगा जोडीनं पण सुट्या लोंबतात; काळ्याच्या जोडशेंगांची टोकं कोवळेपणी एकमेकांना चिकटलेली असतात. पांढऱ्याचं बी म्हणजे कडू इंद्रजव, काळ्याचं गोडं. सालीचीही पारख जिभेवर होते: पांढऱ्याची कडूजहर. पण साल पोत्यात गेली आणि पुढे तिचं चूर्ण झालं की शेंग नाही, पान नाही. उरते ती चव, आणि कडूपणा काय, दुसरं काही मिसळूनही आणता येतो.

यावर हमखास उत्तर येतं: पिढ्यान्‌पिढ्या लोक घेत आले, कुणाला काय झालं? एक तर काय झालं याची नोंद कुणी ठेवत नव्हतं. दुसरं, हे औषध निरुपद्रवी नाही. 1858 मध्ये हेन्स या संशोधकानं या सालीतून कोनेसीन हे अल्कलॉइड वेगळं केलं. विसाव्या शतकात कलकत्त्याला चोप्रा आदी संशोधकांनी कुड्याची औषधं अमीबाच्या आवेवर वापरून पाहिली. गुण होता. मात्र शुद्ध कोनेसीन भरपूर दिलं की झोप उडणं, चक्कर, हातपाय थरथरणं असे त्रास दिसू लागले. पुढे मेट्रोनिडॅझोल हे औषध आलं आणि कोनेसीन मागे पडलं. साल म्हणजे शुद्ध कोनेसीन नव्हे, हा आक्षेप खरा आहे. पण सालीत ते किती आहे हे घरी उगाळणाऱ्याला कळत नाही, ही अडचण त्यानं सुटत नाही. शिवाय परंपरेचा दाखला द्यायचा तर पुरता द्यावा: पोटात आम (न पचलेला अन्नरस) असताना जुलाब लगेच बांधू नयेत, असं आयुर्वेदच बजावतो. पटकीत तर माणूस दगावतो तो अंगातलं पाणी गेल्यानं. तिथं कुड्याच्या भरवशावर राहणं घातकच.

म्हणून सुटं चूर्ण विकत घेऊ नये, आणि गरोदर बाईला किंवा तान्ह्या मुलाला ही साल आपल्या मनानं देऊ नये. शौचावाटे रक्त जात असेल, ताप असेल किंवा मूल सुकत चाललं असेल तर जलसंजीवनी पाजत थेट दवाखाना गाठावा.